58 शॉट, दोन दिवस: एका कॉलेज लघुपटाचा प्रकरण अभ्यास

शनिवारी संध्याकाळी सहाला खिडकीतला उजेड गेला. त्या दिवसाच्या यादीत 31 शॉट होते, त्यातले 11 झाले होते. रविवारसाठी आणखी 27 ठरलेले. एका दिवसात 47 शॉट उरकायचे नाहीतर फिल्म अर्धवट सोडायची, असंच आम्हाला त्या वेळी वाटलं. तिसरा दिवस मिळणार नव्हता. कॅमेरा सोमवारी सकाळी परत द्यायचा होता, फिल्ममध्ये वडिलांची भूमिका करणारे काका सोमवारी नोकरीवर जाणार होते आणि आमची परीक्षा दहा दिवसांवर आली होती.

हे प्रकरण त्या दोन दिवसांचं आणि मधल्या रात्रीचं आहे. मी त्या लघुपटाची सहायक दिग्दर्शक होते आणि संकलनही माझ्याकडे होतं, त्यामुळे शूटवर जे चुकलं ते मी एकदा समोर पाहिलं आणि नंतर टाइमलाइनवर महिनाभर पाहत राहिले. कॉलेजात असताना कमी पैशांत फिल्म करायला निघालेल्या मुलांना लोक कॅमेरा कुठला घ्या, लेन्स कुठली लावा, हेच सांगतात. आमची फिल्म अडली ती वेळेच्या हिशेबात आणि आवाजात. ती सुटली ती निम्म्याहून जास्त पटकथा काढून टाकल्यावर. हे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे.

काय करायचं होतं

कथा छोटी होती. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात निघाली आहे. आदल्या दिवशी तिची बॅग भरून झाली आहे, आणि वडील काही ना काही निमित्त काढून ती बॅग पुन्हा पुन्हा उघडतात. दिग्दर्शक मित्राने लिहिलेल्या पटकथेत याच्याबरोबर आणखी तीन गोष्टी होत्या: सकाळचा बसथांबा, मुलगी सात वर्षांची असतानाचा एक प्रसंग आणि निरोप द्यायला आलेली शेजारीण. सगळं मिळून 12 पानं.

एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा ठोकताळा सगळे ऐकून असतात. तो एका ठरावीक फॉन्टमध्ये, ठरावीक समास सोडून लिहिलेल्या इंग्रजी पटकथेचा आहे. मोबाइलवर देवनागरीत टाइप केलेल्या पानाला तो लागू होत नाही. आम्ही 12 पानं म्हणजे 12 मिनिटं धरून चाललो. नंतर, फार उशिरा, मी स्टॉपवॉच लावून संवाद मोठ्याने म्हटले, हालचालींच्या जागी तेवढा वेळ थांबले, आणि तीच पटकथा 17 मिनिटं भरली. या मोजणीला शूटच्या आधीची एक संध्याकाळ पुरली असती.

पैसे आम्ही आपापसात वर्गणी काढून जमवले होते. त्यातले निम्मे जेवण आणि येण्याजाण्यावर ठेवले. तो निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन. मानधन न घेता दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला वेळेवर पोटभर जेवण मिळालंच पाहिजे, त्यात काटकसर करू नये. उरलेल्या पैशांत एक हार्ड डिस्क, एकाच रंगाचे चार एलईडी दिवे, थर्माकोलचे दोन मोठे पांढरे पत्रे आणि चिकटपट्ट्या आल्या. मिररलेस कॅमेरा ओळखीतून उसना मिळाला.

आवाजासाठी काहीच ठेवलं नव्हतं. कॅमेऱ्यावर एक छोटा माइक बसवलेला होता, त्यामुळे तो विषय सगळ्यांच्या डोक्यातून सुटला. कामांच्या वाटणीचा कागद अजून माझ्याकडे आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण, सहायक, कला, कपडे, जेवण, वाहतूक, प्रत्येकापुढे नाव आहे. ध्वनी हा शब्दच त्यावर नाही.

शनिवार

बसथांब्याची पाहणी आम्ही एका रविवारी दुपारी केली होती. तेव्हा तिथे दोन माणसं होती. शनिवारी सकाळी साडेआठला पोचलो तर कामावर जाणाऱ्यांची रांग थांब्याच्या बाहेरपर्यंत आलेली. लोकेशन ज्या वारी, ज्या वेळी वापरायचं त्याच वारी, त्याच वेळी जाऊन पाहायचं असतं, हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं. पहिला शॉट सुरू झाला 10 वाजून 40 मिनिटांनी. चार शॉट झाले आणि 12 वाजून 50 मिनिटांनी तिथल्या कर्मचाऱ्याने परवानगीचा कागद मागितला. कागद नव्हता. तो माणूस सभ्यपणे बोलला, चूक पूर्णपणे आमची होती. सामान उचललं आणि निघालो.

दुपारी सव्वादोनला घरातलं काम सुरू झालं आणि सहापर्यंत सात शॉट झाले. काम करताना सगळे धावत होते, कुणी एक मिनिट टंगळमंगळ केली नाही. तरी सातच.

रात्री मी लॅपटॉपवर प्रत्येक क्लिपची वेळ पाहून तक्ता केला. क्लिप कधी सुरू झाली ते फाइलच्या माहितीत असतंच, त्यामुळे दिवस कुठे गेला ते मिनिटामिनिटाने समजतं. जेवणाची 50 मिनिटं सोडली तर पहिल्या शॉटपासून संध्याकाळपर्यंत आमच्याकडे 390 मिनिटं होती. म्हणजे शॉटमागे सरासरी 35 मिनिटं. या 390 मिनिटांत कॅमेरा प्रत्यक्ष चालू होता तो वेळ भरला 46 मिनिटं. बाकी सगळा वेळ दोन शॉटच्या मधे गेला होता.

आमच्या यादीप्रमाणे मात्र आठ तासांत 31 शॉट होणार होते, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम साडेपंधरा मिनिटं. हा भागाकार कुणी केला नव्हता. यादी करताना आम्ही प्रत्येक शॉट डोळ्यांपुढे आणत होतो आणि डोळ्यांपुढे आलेल्या शॉटला तयारी लागत नाही.

मधला वेळ इतका का गेला, याचं सगळ्यात मोठं कारण क्रम. आम्ही घरातले शॉट कथेत येतात त्या क्रमाने घेत होतो. वडील खिडकीकडे, मग मुलगी भिंतीकडे, मग पुन्हा वडील, मग पुन्हा मुलगी. कॅमेरा प्रत्येक वेळी खोलीत अर्धा फिरायचा आणि त्याच्याबरोबर दिवे, थर्माकोल, वायरी, आमच्या पिशव्या आणि आम्ही सगळे या भिंतीकडून त्या भिंतीकडे जायचो. खोलीत मागे लपायला जागा नसते, कॅमेरा वळला की सगळा पसारा फ्रेममध्ये येतो. शिवाय दर वेळी खिडकीकडे परत येईपर्यंत ऊन सरकलेलं. काकांच्या गालावरची उजेडाची पट्टी पहिल्या शॉटमध्ये कानाजवळ होती, चौथ्यात ती खांद्यावर उतरली होती. एका दिशेला तोंड करून होणारे सगळे शॉट आधी संपवायचे आणि मगच कॅमेरा वळवायचा, ही साधी शिस्त त्या दुपारी पाळली असती तर माझ्या अंदाजाने आणखी चार शॉट झाले असते. अर्थात 31 तरीही झाले नसते.

रात्र

आधी क्लिप कॉपी केल्या. एक प्रत डिस्कवर, एक माझ्या लॅपटॉपवर, आणि दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि आकार जुळेपर्यंत मेमरी कार्ड कुणीही पुसायचं नाही असं ठरलेलं होतं. हे आम्ही काटेकोर पाळलं. नंतर डिस्क दिग्दर्शकाच्या घरी गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे राहिला, म्हणजे एका ठिकाणी काही झालं तरी दुसरी प्रत वाचणार होती.

मग हेडफोन लावले. दिवसभर ते कुणी लावलेच नव्हते. काकांच्या आवाजाखाली एक सलग घरघर होती. फ्रिज. त्यावर पंख्याची फरफर, आणि दोघांच्या खाली कुठेतरी काका बोलत होते.

याचं गणित साधं आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते पाठ करावं असं मला वाटतं. बोलणाऱ्याचं तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. फ्रिजची घरघर मात्र खोलीभर पसरलेली असते, ती जवळपास तेवढीच राहते. आमचा माइक कॅमेऱ्यावर होता आणि कॅमेरा काकांपासून सुमारे 240 सेंटिमीटरवर. तोच माइक 30 सेंटिमीटरवर असता तर अंतर तीनदा निम्मं झालं असतं आणि काकांचा आवाज 18 डेसिबलने वर आला असता. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवलेला चांगला, असं जे म्हणतात त्याचं कारण हेच. नंतर सॉफ्टवेअरने घरघर कमी करता येते, पण ती आवाजात मिसळली की तिच्याबरोबर माणसाचा आवाजही पातळ होत जातो. मी रात्री तासभर करून पाहिलं. काका पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटायला लागले.

साडेआठच्या सुमारास आम्ही चौघं जमिनीवर बसलो. दिग्दर्शक, छायाचित्रण करणारी मैत्रीण, कला सांभाळणारा ज्युनिअर आणि मी. मी तक्ता पुढे केला. रविवारचे आठ तास म्हणजे 480 मिनिटं, भागिले 35, उत्तर 13 किंवा 14.

"आपण उद्या जास्त जोर लावू," दिग्दर्शक म्हणाला.

"आजही लावला होता," मैत्रीण म्हणाली.

परीक्षेनंतर एक दिवस जोडायचा, असाही विचार झाला. पण कॅमेरा तेव्हा मिळेलच याची खात्री नव्हती, काकांची दाढी वाढणार किंवा उतरणार, आणि महिनाभराने त्याच खिडकीतलं ऊन वेगळ्या कोनातून येणार. मला सगळ्यात जास्त भीती वेगळीच होती. विद्यार्थ्यांच्या फिल्मा वाईट झाल्यामुळे फार कमी वेळा बंद पडतात. त्या 'परीक्षेनंतर' या शब्दावर थांबतात आणि मग डिस्कवर पडून राहतात. आमच्याच विभागात अशा तीन मला माहीत होत्या.

कापायचं ठरलं, पण काय? प्रत्येकाचं आवडतं दृश्य वेगळं होतं आणि पहिला तासभर आम्ही एकेक संवाद छाटत बसलो. त्याने काहीच हाती लागेना. बारा पानांची साडेदहा झाली, पण लोकेशनं तीच, माणसं तीच, शॉटही जवळजवळ तेवढेच. वेळ वाचतो तो अख्खं दृश्य गेलं की, आणि खरा वाचतो तो अख्खं लोकेशन गेलं की. संवादाची ओळ काढून काही मिनिटं मिळत नाहीत.

कोंडी फोडली ती ज्युनिअरने. तो इतका वेळ गप्प होता. त्याने विचारलं, "बॅग किती दृश्यांत आहे?"

आम्ही मोजलं. घरातल्या दृश्यात ती सतत आहे. बसथांब्यावर ती नुसती जमिनीवर ठेवलेली आहे. सात वर्षांच्या मुलीच्या प्रसंगात नाही. शेजारणीच्या दृश्यात नाही. कथा एका ओळीत सांगताना आम्ही सगळे बॅगेचंच सांगत होतो आणि पटकथेतली सात पानं तिच्याशिवाय चालली होती. दिग्दर्शकाने लाल पेन घेतलं. पानावर आडवी रेघ मारताना त्याचा हात थांबत होता ते मी पाहिलं. ती पानं त्याने चार महिने लिहिली होती, त्याला लागलेलं दुःख खरं होतं आणि कुणी त्याला घाई केली नाही.

मैत्रीण बसथांब्यासाठी भांडली. ते चार शॉट तिने खरोखर सुंदर घेतले होते. पाठमोरा उजेड, धूळ, बापलेकीच्या दोन सावल्या. आमच्याकडे दोन दिवसांत जे जमा झालं त्यात दिसायला ते सगळ्यात चांगले होते, आजही आहेत. "हे टाकून त्या पिवळट खोलीत अख्खी फिल्म करायची?" ती म्हणाली. माझं मत असं होतं, आणि अजूनही आहे, की थांब्याचं दृश्य पाच शॉट कमी असताना अर्धं राहिलं असतं, आणि अर्धं सुंदर दृश्य फिल्मच्या शेवटी आलं की प्रेक्षकाला तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. तिला ते पटलं नाही. ती मतदानात हरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन दिवे लावत होती.

त्या रात्रीच्या एका गोष्टीची बोचणी मला अजून आहे. लहान मुलीचं काम करणाऱ्या मुलीला रविवारी सकाळी बोलावलं होतं. रात्री साडेनऊला मी तिच्या आईला फोन करून प्रसंग रद्द झाल्याचं सांगितलं. आई समजूतदारपणे बोलल्या. मागून मुलीचा आवाज आला, ती संवाद म्हणून दाखवत होती. तिने ते आठवडाभर पाठ केले होते. पैसे न देता माणसांचा वेळ मागतो तेव्हा आपण नेमकं हेच मागत असतो, आणि आदल्या दिवशी भागाकार न केल्याची किंमत आमच्यापैकी कुणी मोजली नाही, त्या मुलीने मोजली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला भेटायला गेलो आणि तिचा प्रसंग खोलीत तिच्या आईसमोर करून घेतला. फिल्ममध्ये तो नाही.

मध्यरात्री पाच पानं उरली होती. एक खोली, दोन माणसं, एक बॅग. शनिवारच्या घरातल्या सातपैकी पाच शॉट चित्र म्हणून चालणार होते, नवे 15 लागणार होते. मी ते कथेच्या क्रमाने लिहिले नाहीत. आधी खिडकीकडचे नऊ, मग भिंतीकडचे सहा.

रविवार

ध्वनीचं काम कपडे सांभाळणाऱ्या ज्युनिअर मुलीला दिलं आणि तिच्याकडची बाकी सगळी कामं काढून घेतली. तिच्या कानाला दिवसभर हेडफोन होते आणि तिने हात वर केला की दिग्दर्शकानेही थांबायचं, असं सगळ्यांसमोर ठरलं. तिने पहिल्या तासात चार वेळा हात वर केला. एकदा स्कूटर, एकदा वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, दोनदा आमच्यातलेच कुणीतरी कुजबुजत होते. त्यानंतर खोली खरोखर शांत झाली.

माइक म्हणून एक उसना कॉलर माइक आणि एक मोबाइल. मोबाइल एअरप्लेन मोडवर, म्हणजे मधेच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. सेटिंग 48 किलोहर्ट्झ, आणि आवाजाची पातळी अशी की सगळ्यात मोठं वाक्यही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील (शून्यावर आवाज फाटतो). प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर शॉटचा आकडा बोलून एक टाळी. चित्रातली टाळी आणि आवाजातलं टोक जुळवलं की दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र येतात. फ्रिज बंद केला आणि ज्या स्कूटरवरून दिग्दर्शक घरी जाणार होता तिची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे: किल्ली घेतल्याशिवाय निघता येत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातला फ्रिज चुकून बंद राहत नाही.

काका हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काम केलेले. शनिवारी त्यांचा आवाज खोलीला जड वाटत होता आणि त्यांना ते कसं सांगावं हे दिग्दर्शकाला कळत नव्हतं. रविवारी कॉलर माइक लावताना त्यांनीच विषय काढला. "अरे, मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकलोय. तुमचा प्रेक्षक कुठे बसलाय ते मला आधी सांगा." दिग्दर्शकाने माइककडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "काका, इथे. एक वीतभर." त्यानंतर त्यांचा आवाज इतका खाली आला की दारात उभं राहून मला शब्द ऐकू येत नव्हते. हेडफोनमध्ये मात्र श्वाससुद्धा होता. नटाला 'कमी करा' असं सांगून जे होत नाही ते अंतर सांगितल्यावर झालं.

शनिवारच्या पाच शॉटसाठी आम्ही प्रत्येक संवाद कॅमेऱ्याशिवाय पुन्हा म्हणवून घेतला, त्याच खोलीत, त्याच जागी बसून. जुनी क्लिप दोघांना एकदा ऐकवायची आणि लगेच त्याच लयीत बोलायला लावायचं. प्रत्येकी चार वेळा. पाचपैकी तीन शॉटमध्ये चेहरा पाठमोरा किंवा अर्धा होता, तिथे हा आवाज कुणाला कळलाही नाही. समोरासमोरच्या दोन शॉटमध्ये ओठ पूर्ण जुळले नाहीत, तिथे मी संकलनात ऐकणाऱ्याचा चेहरा वापरला.

शेवटी सगळ्यांना एक मिनिट जागीच स्तब्ध उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. याला रूम टोन म्हणतात. संवादांच्या मधे शांतता हवी असते तेव्हा हाच आवाज भरावा लागतो. तिथे आवाज पूर्ण शून्य केला तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर बंद पडला. मग बॅगेची चेन. उघडताना, लावताना, अडखळताना, हळू, रागाने, अशी बारा वेळा, माइक वीतभरावर.

पाच वाजून 20 मिनिटांनी पंधरावा शॉट संपला.

संकलन

पहिली जुळणी 9 मिनिटं 10 सेकंदांची झाली. शेवटची प्रत श्रेयनामांसह 6 मिनिटं 40 सेकंद.

दुसऱ्या कोनासाठी आम्ही एक मोबाइल ट्रायपॉडवर लावून ठेवला होता, त्याने दोन प्रश्न उभे केले. पहिला, चार मिनिटांच्या सलग टेकमध्ये सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी ओठांच्या मागे पडत होता. बरेच मोबाइल एका सेकंदात ठरावीक फ्रेम घेत नाहीत, उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण पाहून ती संख्या किंचित कमीजास्त करतात, आणि संकलनाचं सॉफ्टवेअर ती स्थिर धरून चालतं. क्लिप हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेमदराने पुन्हा काढून घेतल्यावर ते जमलं. दुसरा प्रश्न सुटला नाही. मोबाइल ऑटोवर राहिला होता आणि त्याने शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते, स्वतःच ठरवलं, त्यामुळे ट्यूबलाइट फ्रेममध्ये आली तिथे आडवे पट्टे सरकत होते. विजेचा पुरवठा 50 हर्ट्झचा असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवायचं. 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 किंवा 1/120. कॅमेऱ्यावर मैत्रिणीने ते नीट लावलं होतं, मोबाइलकडे कुणी पाहिलं नव्हतं. ते तीन शॉट गेले.

सात वर्षांच्या मुलीचा प्रसंग गेल्यामुळे वडील बॅग का उघडतात याचं स्पष्टीकरणच फिल्ममधून गेलं होतं. त्याची मला काळजी होती. त्या आठवड्यात मी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. क्रांतीनंतरच्या रशियात कच्ची फिल्म मिळत नव्हती, तेव्हा ते मॉस्कोत विद्यार्थ्यांकडून कॅमेऱ्यात फिल्म नसताना प्रसंग बसवून घेत. एकाच नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला की प्रेक्षकाला त्यावर वेगवेगळे भाव दिसतात, हे दाखवणारा प्रयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वर्गात ते परीक्षेपुरतं लिहिलं होतं. आता माझ्याकडे मुलीचा एक शॉट होता, 11 सेकंदांचा, ज्यात ती दिग्दर्शकाच्या पुढच्या सूचनेची वाट पाहत नुसती बसली आहे. तो मी चेनच्या आवाजानंतर ठेवला. चित्रात मुलगी, आवाज बॅगेचा, वडील फ्रेमबाहेर. ज्यांना कथा माहीत नव्हती अशा पाच ज्युनिअरना ती जुळणी दाखवली आणि एकच विचारलं: ती आत्ता काय विचार करते आहे? तिघांनी सांगितलं की तिला कळलंय पण ती वळून बघणार नाही. स्पष्टीकरणाचं दृश्य असतं तर हे त्यांना सापडायला जागाच उरली नसती.

संगीताबद्दल एवढंच सांगते, कारण यात बहुतेक विद्यार्थी फसतात. आम्ही आधी एक आवडतं गाणं तात्पुरतं लावलं होतं. 'दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय थोडे सेकंद चालतं' या समजावर विसंबू नका, अशी सरसकट सूट देणारा नियम नाही. मग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याचा (ठरावीक अटी पाळून मोफत वापरता येणारा) एक तुकडा मिळाला, पण त्याच्या परवान्यात फेरबदलाला मनाई होती. चित्राशी जुळवून संगीत लावणं हेसुद्धा त्या परवान्यांच्या भाषेत रूपांतर ठरतं, म्हणून तोही काढला. शेवटी संगीतच ठेवलं नाही. चेन, श्वास आणि खोली. दोन्ही कलाकारांची आणि घरमालकांची लेखी संमती मात्र आम्ही शूटच्याच दिवशी घेतली होती, महोत्सवाचा अर्ज भरताना ती लागलीच.

लांबी कमी झाल्याचा एक फायदा आम्ही योजलेला नव्हता. फ्रान्समधल्या कान (Cannes) महोत्सवाच्या स्पर्धेत लघुपटाला श्रेयनामांसह 15 मिनिटांची मर्यादा आहे, ऑस्करच्या लघुपट विभागात 40 मिनिटांची, आणि मर्यादेत बसूनही लांब लघुपटाला कार्यक्रमात जागा सापडणं अवघड जातं. विद्यार्थी महोत्सवांत सहा-सात मिनिटांची फिल्म दोन मोठ्यांच्या मधे सहज बसते. आमची दोन ठिकाणी निवडली गेली. काही महोत्सव आधीच ऑनलाइन असलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून वर्षभर ती पासवर्डच्या मागेच ठेवली होती.

कॉलेजच्या सभागृहात ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा काका शेवटच्या रांगेत बसले होते. चेनचा आवाज तिथपर्यंत पोचला का, हे मी त्यांना विचारलं. "पोचला," ते म्हणाले, "आणि मी काहीच जोर लावला नव्हता."

बसथांब्याचे चार शॉट मैत्रिणीने स्वतःच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, घातले. त्यावरून तिला पुढचं काम मिळालं. ते फिल्ममध्ये असायला हवे होते असं ती आजही म्हणते, आणि आम्ही भेटलो की त्यावर अर्धा तास जातो.